बाईंचा मेट्रोनोम

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास सांगलीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि टिकटिक करणारी कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते, असा माझा समज होता. एकदा साताऱ्याहून पियानो शिकवणाऱ्या एक बाई जुना लाकडी मेट्रोनोम घेऊन आल्या. वाजवताना लय सुटू नये म्हणून टकटक करत राहणारं ते यंत्र बंद पडलं होतं आणि दोन दिवसांवर त्यांच्या विद्यार्थिनींची परीक्षा होती.

मी तुटलेली कमान बदलली, चिरलेल्या पेटीला सागाची पट्टी बसवली, चपड्याचं पॉलिश मारलं. दांडीवरचं पितळी वजन तेवढं वरखाली सरकत होतं. घड्याळात असं काही सैल राहिलं की गिऱ्हाईक भांडायला परत येतं. म्हणून मिनिटाला बरोबर साठ ठोके पडतील अशा खाचेवर ते ठेवलं आणि वितळलेल्या कथलाचा पक्का डाग देऊन दांडीला जोडून टाकलं.

बाई आल्या. त्यांनी वजन सरकवून पाहिलं.

“हे हलत का नाही?”

“हलत होतं, बाई. मी बंद केलं.”

“अहो, ते सरकवूनच लय कमीजास्त करतात. आता मुलींनी सगळं सेकंदकाट्याबरोबर वाजवायचं का?”

मी डाग वितळवला, उरलेला कानशीने घासला. त्यात साठाची खाचही गेली. वजन बाकी सगळीकडे थांबायचं, तिथं मात्र घसरायचं.

“परीक्षेत साठाचं काही आहे का हो?” मी विचारलं.

बाईंनी पिशवीतली वही काढून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. “यंदा नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी आहे. तेव्हा मनगटावर घड्याळ बांधून तुम्हीच या टाळ्या वाजवायला.”