आणखी कोणी यायचं आहे का?

"मेलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून जिवंतपणी त्यानं म्हटलेलं 'नाही' आपण पाळायचं," असं थांबाबाई एकदा म्हणाली होती. एका घरच्या लेकी गेलेल्या आईच्या पांढऱ्या केसांना कलप लावायला निघाल्या होत्या, आणि आईनं तर हयातभर कलपाची बाटली घरात येऊ दिली नव्हती. केस पांढरेच राहिले.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. कमरेइतका उंच दगडी ओटा, पायांकडं किंचित उतार. दोन नळ, त्यातला एक गरम पाण्याचा. दाराशी जाड कापडाचा पडदा आणि पडद्याबाहेर नातेवाइकांसाठी बाक. या खोलीत सव्वीस वर्षं तिनं बायकांना शेवटची अंघोळ घातली.

दुःख सगळ्यांचं वजनाला सारखंच, पण ते उचलायची तऱ्हा घरोघर वेगळी. कुणी मोठ्यानं रडा म्हणतं, कुणी रडणाऱ्याला बाहेर नेतं. कुणाला आधी उजवा हात धुवायला हवा, कुणाला पाणी तीनदाच हवं, चौथ्यांदा नको. कुणी खिडकी उघडायला लावतं, कुणी लावून घ्यायला. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. कुठल्याही रीतीला तिनं कधी नाक मुरडलं नाही, की कुठली डोक्यावर घेतली नाही.

तिची स्वतःची रीत एकच. नळ सोडण्याआधी ती पडद्याबाहेर यायची आणि बाकावरच्यांना विचारायची, "आणखी कोणी यायचं आहे का?" कुणी यायचं असेल तर ती थांबायची. तासभर, दोन तास, एकदा तर दुसऱ्या गावाहून येणाऱ्या लेकासाठी अख्खी दुपार. म्हणून तिचं नाव पडलं थांबाबाई.

"अहो थांबाबाई, माझी गाडी काय तुमच्या दारात मुळं धरणार?" शववाहिनीचा चालक ओरडायचा.

"धरली तर पाणी घालीन. जा, चहा पिऊन ये."

तिच्यासोबत पाणी घालायला एक जोडीदारीण होती. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. ती म्हणायची, "बाई, तुम्ही मरणालासुद्धा बाकावर बसवून ठेवाल."

"बसू दे की. त्याला कुठं घाई आहे? घाई आपल्याला."

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. एका चुकीतून ती आली होती. तिची आई गेली तेव्हा धाकटी बहीण वाटेत होती. उन्हाळा होता, शेजारणी उरका म्हणत होत्या. तिनं उरकलं. धाकटी पोचली तेव्हा आई धुऊन, नेसवून, झाकून तयार होती. धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली. "एका तासासाठी तू मला आई दिली नाहीस," ती म्हणाली. "लक्षात ठेव, मी मेले तरी तुझा हात माझ्या अंगाला लागू देणार नाही." मग अबोला धरला, तो धरलाच. निरोप गेले, पत्रं गेली. पत्रं न फोडता परत आली. दोघी एकाच शहराच्या दोन टोकांना म्हाताऱ्या होत गेल्या.

एके दिवशी सकाळी, दहाच्या सुमाराला, तिनं ओट्यावरच्या बाईच्या तोंडावरची चादर बाजूला केली आणि पुन्हा होती तशी ठेवली. जोडीदारीण बादली भरत होती. तिला काही दिसलं नाही. थांबाबाईनं हात धुतले, पुसले आणि ती बाहेर आली.

बाकावर एक चाळिशीची बाई एकटीच बसली होती. मांडीवर कपड्यांचं बोचकं. थांबाबाईनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ही तिची भाची, धाकटीची लेक, परकर सावरत मांजरामागं धावत होती. तिनं मावशीला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

"आणखी कोणी यायचं आहे का?"

"नाही," भाची म्हणाली. मग बोचक्याची गाठ आवळत, "एक मावशी आहे म्हणे. पण तिला कळवायचं नाही, तिचा हात लागू द्यायचा नाही, असं आईनं बजावून ठेवलंय. काय झालं होतं ते आम्हाला कधी सांगितलं नाही."

"बरं," थांबाबाई म्हणाली.

आत जाऊन तिनं जोडीदारणीला सांगितलं, "आज तू धुवायचं. लेकीला पाणी घालायला घे."

"मी? आणि तुम्ही काय करणार, देखरेख?"

"मी बाहेर बसते."

जोडीदारणीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर खोचला.

ती बाकावर बसली. पडदा ओढला गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला, तसा तिच्या हातांना आपण रिकामे असल्याचं कळलं. ते तिनं गुडघ्यांवर उपडे ठेवले.

"पाणी आधी मनगटावर घेऊन बघ," तिनं पडद्याला सांगितलं.

"बघितलं, बाई."

"मान डाव्या हातावर घे. घाई नको."

"हं."

"उजवा खांदा वर ओढू नकोस. झाडावरून पडली तेव्हा निखळला होता, नीट बसला नाही कधी."

आत पाणी थांबलं. नळ कुणीतरी बंद केला असावा. पडद्याखाली दोन ओली अनवाणी पावलं दिसली, आणि पडदा सरला.

भाची तिच्याकडं पाहत राहिली. हातात तांब्या होता, कोपरापर्यंत बाही भिजलेली. "खांद्याचं तर बाबांनाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग पडदा बाजूला धरून, "मावशी, आत या."

म्हातारी उठून उभी राहिली.

"रागात बोलली असेल हो ती. आता तिला काय कळणार आहे? मी लेक आहे तिची. मी सांगते ना, या."

ओट्याची दगडी कड तिथून दिसत होती, आणि कडेबाहेर आलेला एक पाय. टाच भेगाळलेली, अंगठा बाहेर वळलेला, दोघी बहिणींच्या आईसारखा. मधे तीन पावलांची ओली फरशी. जोडीदारीण भिंतीकडं तोंड करून उगाच चिंधी पिळत होती.

थांबाबाईनं भाचीची भिजलेली बाही धरली, पिळली आणि नीट दोन घड्या घालून कोपराच्या वर दुमडली. दुसरीही दुमडली. कमरेला खोचलेला कंगवा काढून तिच्या हातात दिला. मग आपल्या पांढऱ्या केसांतून, डावीकडून, एका बोटानं भांगाची रेघ ओढून दाखवली. भाचीनं मान हलवली.

तिनं पडदा आपल्या हातानं पुन्हा ओढला. पाणी सुरू झाल्याचं ऐकलं. दाराशी चपला घातल्या आणि ती बाहेर पडली.