कोपऱ्यातलं नाव

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. ती थापायची, मी ओलं फडकं उचलून खाटेवर पालथं घालायचो. एक बिबडा फाटला. म्हणाली, "हाई काय शे? भिंत सरळ बांधतस, बिबडा नही जमत?" मी म्हणालो, "भिंत कोणी तळून खात नाही." हसली... दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी अग्नी दिला.

माझी इंदू घरांचे नकाशे काढायची. धुळ्याला आयटीआयमध्ये शिकलेली. मी चौथी पास गवंडी. लग्नात तिचा मामाच म्हणाला होता, "ही कागदावर घर काढील आणि हा पाडील." जळगावला एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात ती बोर्डावर वाकून शाईनं रेघा मारत राहिली, केस पिकेपर्यंत. नव्वद सालानंतर तिथे कॉम्प्युटर आला, दोन नवी पोरं आली. साहेबांना वाटलं, आता बाई घरी बसेल. बाई बसली नाही, शिकली. आणि शिकल्यावर तिला राग आला, की दर नकाशाला तेच तेच काढायचं... चौकट, उत्तरेचा बाण, दारं-खिडक्यांच्या खुणा, खाली कोपऱ्यात मालकाचं नाव, गाव, नकाशा काढणाऱ्याचं नाव. तिनं ते सगळं एकदाच काढून आतून कोरा असा एक कागद कॉम्प्युटरात ठेवून दिला. नवं घर आलं की तो उघडायचा आणि आत घर काढायचं. टेम्प्लेट म्हणतात त्याला. मला कळेना, तर म्हणाली, "तुमना ईटसना साचा रहास ना, तसंच शे."

साचा तिनं स्वतःसाठी केला होता, म्हणून काढणाऱ्याच्या जागी तिचंच नाव, सौ. इंदुमती. पण पोरांनी तोच उचलला. मालकाचं नाव बदलायची, गाव बदलायची, खालचं तसंच ठेवायची. ऑफिसातला प्रत्येक नकाशा माझ्या बायकोच्या नावानं बाहेर पडू लागला. मला काय, मी तर मिरवायचो.

मग एकदा धरणगावचा एक माणूस नकाशाची गुंडाळी घेऊन घरी आला. "अक्का, तुम्ही कसला जिना काढला? आमचा म्हातारा वर चढला तर स्लॅबवर डोकं आपटलं, टाका पडला." इंदूनं कागद उलगडला. नकाशा तिचा नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मला घेऊन एसटीनं त्याच्याबरोबर गेली, जिना पाहिला, म्हाताऱ्याच्या पाया पडली, नवा जिना काढून दिला. येताना गाडीत एवढंच बोलली, "जे काम मनं नही, त्यावर मनं नाव नको." दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, साच्यातून माझं नाव काढा. साहेब म्हणाले, "काढू की, बाई." काढलं नाही. गिऱ्हाईक नाव वाचून खूश व्हायचं, ते कशाला काढतील? ती दर महिन्याला आठवण करायची. मग काम सोडलं तिनं, तरी तिचं नाव नोकरीला होतंच. कुठे नव्या बांधकामावर नकाशा दिसला की आधी कोपरा बघायची, आणि त्या दिवशी जेवण कमी.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. धाकटा भाऊ आडवा आला. "नाना, सुतक शे, घरमा बठ." मी साहेबांच्या ऑफिसवर गेलो. सुतकाचा माणूस, म्हणून आत पाय टाकला नाही, दारातच उभा राहिलो. साहेब उठून आले, त्यांना वाटलं बातमी द्यायला आलो. मी नाव काढायला सांगितलं. म्हणाले, "आता राहू द्या नाना, आठवण म्हणून..." मला नको होतं का ते? पण म्हणालो, "साहेब, आता जिना चुकला तर ती बघायला यायची नाही. काढा."

त्यांनी कॉम्प्युटर दाराकडे फिरवला. नाव शेवटाकडून एकेक अक्षर करत पुसलं गेलं. मग साहेब म्हणाले, "या साच्यात मापांचे आकडे बाईंनी फार मोठे ठेवलेत, पोरं कुरकुरतात. हातासरशी बारीक करू का?" माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बांधकामावर उन्हात तिच्या नकाशावरचे आकडे दिसेनात, त्या वर्षी तिनं ते मोठे केले होते. तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणालो, त्याला हात लावू नका. आणि घरी आलो.