सहा मुलींचा फोटो

ये गं, कागदावर का होईना, अशी जवळ सरक. तिकडे पर्थकडच्या कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर झालीस म्हणून आजीला विसरायचं असतं का? वर विचारतेस, ग्रुपवरचा तो फोटो का काढून टाकलास. सांगते.

इथे क्रेगीबर्नमध्ये माझ्या शेजारी एक अफगाण पोरगी राहते. मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. तिच्या देशात आता मुलींना सहावीनंतर शाळा बंद. काबूलमध्ये तिची धाकटी बहीण शिवणकामाच्या नावाखाली पाच जणींना घरी बोलावते, आणि ही इथून चार वाजता लॅपटॉपवर त्यांना शिकवते. गणित मी घेते, मोडकीतोडकी हिंदी बोलून; सिनेमे बघून त्यांना ती कळते. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं मी तुझ्या आईच्या पुस्तकांतून शिकले. त्या पोरी अपूर्णांक शिकल्या तेव्हा मला काय वाटलं असेल, बघ.

त्या कौतुकात मी स्क्रीनचा फोटो काढला आणि आपल्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझ्या विद्यार्थिनी. सहाही चेहरे स्पष्ट, मागे खिडकी, खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी.

संध्याकाळी शेजारणीला हौसेने दाखवला. तिने खिडकीतल्या त्या पाटीवर बोट ठेवलं.

"खाला, किस किस को भेजा?"

मी फोटो ग्रुपवरून काढला आणि तिथल्या एकेकीला फोन लावले. एक म्हणाली, "अहो मावशी, कौतुकच केलं ना, त्यात काय एवढं?" ब्लॅकटाउनला राहणाऱ्या बाईने तर तो नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला होता. तिथून पुढे कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही. माझा फोन मी दहादा उघडून पाहिला, जणू तो फोटो परत येणार होता.

शेजारणीने काबूलला बहिणीला कळवलं. त्याच दिवशी तिने घर सोडलं. मग चार दिवस काही नाही. शेजारीण चारला लॅपटॉप उघडायची, मी बाजूला बसायचे.  ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी आवाज आला. चित्र बंद, नुसता आवाज. पाच जणी होत्या. सहाव्या मुलीला बापाने घरात ठेवलंय. फोटोमुळे की दुसऱ्या कशामुळे, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी रोज हजेरी आवाजावरून घेते. एखादी उशिरा बोलली की मी तिचं नाव पुन्हा पुन्हा घेते. त्यांना बीजगणित हवंय आणि मला ते येत नाही. शेजारणीला विचारलं, माझ्या नातीला शिकवायला आणू का? तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "फोन बाहर रखेगी, तो लाना।"

तुझा खाणीतल्या ड्युटीचा रोस्टर संपला की पर्थवरून विमान पकड आणि ये बाई. लवकर ये.