देव गाडीत, चावी बावधनला

चार नट ढिले झाले. पाचवा बघितला आणि मी पाना खाली ठेवला.

भुकूमला पौड रोडवर माझं टायरचं दुकान आहे. समोर नवीकोरी मोठी गाडी उभी होती, खड्ड्यात आपटून टायर कडेला फाटलेली. कडेला फाटला की पंक्चर काढून भागत नाही, चाकच बदलावं लागतं. आणि पाचवा निघाला लॉक नट. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला असा एक नट लावतात. त्याला साधा पाना बसतच नाही. डोक्यावर वेड्यावाकड्या खाचा असतात आणि त्यांत बसणारी अंगठ्याएवढी चावी गाडीबरोबर येते. ती असली तर काम चुटकीसरशी होतं. नसली तर कपाळाला हात.

मालक होते बाळासाहेब. जमीन विकून बावधनला फ्लॅटमध्ये गेले, तरी गावच्या देवाचा मान त्यांच्याच घरात. देवाचा चांदीचा मुखवटा वर्षभर त्यांच्या देव्हाऱ्यात असतो आणि यात्रेच्या दिवशी त्यांनीच तो पौडच्या पलीकडे देवळात न्यायचा. सूर्य मावळायच्या आत पोचला नाही तर मान चुलत भावाच्या घरी जाणार, तोही कायमचा. ऊन कलायला लागलं होतं.

चावी मागितल्यावर बाळासाहेब ओशाळले. गाडीत देव बसणार म्हणून सकाळी त्यांनी गाडी आतून-बाहेरून धुतली, गोमूत्र शिंपडलं आणि ग्रीसचं, चामड्याचं जे दिसेल ते काढून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवलं. त्यात टूलकिट गेलं, आणि टूलकिटमध्ये चावी. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली होती म्हणून वाचली.

मी म्हटलं, दुसऱ्या गाडीने निघा. तर म्हणे, देव एकदा गाडीत बसला की देवळाशिवाय उतरवत नाहीत. मागच्या सीटवर त्यांच्या आई मांडीवर मुखवटा घेऊन बसल्या होत्या, त्याही उतरायला तयार नाहीत. बावधनहून चावी आणावी तर मधे भूगावचं ट्रॅफिक. यात्रा उरकून लोक घरी जेवले असते, तरी आमचा माणूस चांदणी चौकातच असता.

मग एकच उपाय उरतो. गोटी म्हणजे पान्याचं नटावर बसणारं गोल टोक. नटापेक्षा किंचित लहान अशी जुनी गोटी घ्यायची आणि हातोड्याने ठोकून नटावर चढवायची. ती रुतून बसली की उलटं फिरवायचं. गोटी वाया, नट वाया, नशीब असेल तर चाक सुटतं.

ठोकायला लागलो. प्रत्येक घावाला गाडी हलायची, गाडीबरोबर आजी हलायच्या आणि मांडीवरचा देवही. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला वाटलं, आजींच्या अंगात आलंय. ती चप्पल काढून पाया पडली. तिच्यामागे रिक्षा थांबली, मग टेम्पो थांबला. बाजूला ठेवलेल्या माझ्या जॅकला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. एक आयटीवाला पोरगा विचारतो, “अंकल, ये कौनसा मंदिर है?” अहो, हे टायरचं दुकान आहे, असं मी घसा फोडून सांगत होतो. ऐकतंय कोण! बघता बघता पौड रोड तुंबला.

त्याच जॅममध्ये मागे संपत अडकला होता. संपत म्हणजे तो चुलत भाऊ. जमिनीच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. हॉर्न वाजवून कंटाळला आणि चालत पुढे आला. प्रकार बघून हाताची घडी घालून उभा राहिला. मान मिळवायला त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं.

एव्हाना गोटी घट्ट बसली होती. लांब दांडा लावला, दांड्यावर पाइप चढवला. बाळासाहेब लटकले, मग मी लटकलो. दोघंही काडीपैलवान. नट ढिम्म हलेना. संपत एकटाच आमच्या दोघांएवढा.

आजींनी काच खाली केली. “संपत, चढ त्या पाइपावर.”

“काकी, नट सुटला तर मान जाईल माझा.”

“जाऊ दे मान. चुलती हाय न्हवं हितं? चढ.”

संपतने एकदा बाळासाहेबांकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि पाइपावर उभा राहिला. कट्ट असा आवाज आला. गोटी फुटली म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तर नट फिरला होता.

आजींसकट गाडी जॅकवर उचलली. असं करायचं नसतं, माझ्या दुकानात मी कुणाला करू देत नाही. पण आजींना उतरा म्हणायची छाती कुणाची होती? स्टेपनी चढली तेव्हा बाळासाहेब चारचौघांत डोळे पुसत होते.

“गेला की रं मान,” संपत म्हणाला.

“बस गाडीत. मुखवटा दोघं मिळून उतरवू.”

वाटणीनंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं. संपत बसलासुद्धा, स्वतःची गाडी भर रस्त्यात तशीच सोडून. ती बाजूला घेताना लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. सूर्य मावळायच्या आत पोचल्याचा फोन आला, तेव्हा कुठे मी चहा घेतला.

तर धडा एवढाच. गाडी देवासाठी धुवा, नाहीतर पाहुण्यांसाठी, पण लॉक नटची चावी गाडीतून काढू नका. देवाला तिचं वावडं नसतं. आजींना विचारून घेतलंय मी.