नेमसिंगची ठासणीची बंदूक

सरकार पडलं की विरोधी पक्षाला आनंद होतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण कुठल्याच पक्षाशी देणंघेणं नसताना सरकार पडल्यावर खुशीत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव नेमसिंग. गोरेगावच्या अलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथला.

मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात जमादार होतो. मुद्देमाल खोलीची चावी माझ्याकडे असायची. हे काम कुणालाच नको असतं. चोरीच्या सायकली, हातभट्टीचे डबे, खटल्यातल्या कुऱ्हाडी आणि त्यांच्यावर नाचणारे उंदीर, या सगळ्यांचा मी राखणदार. त्यात निवडणूक लागली की तालुक्यातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकालानंतर ज्याची त्याला परत जायच्या. एकेचाळीस बंदुका. बहुतेक ठासणीच्या, रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून कुणाच्या तरी बापाने परवाना काढलेल्या.

शहाण्णव सालच्या लोकसभेला नेमसिंग पहिल्यांदा माझ्यापुढे आला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, हडकुळा माणूस. बंदूक त्याने धोतरात गुंडाळून आणली होती. मी नंबराची चिठ्ठी बांधली, पावती फाडली. तो हलेना.

"साहेब, इथं हिला तेल कोन लावील?"

"आचारसंहितेत तेलाचं कलम न्हाई. पावती घ्या अन् चला."

"दोन महिने असंच ठेवलं तर गंज धरतो की."

"तिला धरतो, तुमाला न्हाई ना? चला!"

माझा स्वभाव तसा तिखटच. आमची करुणा म्हणायची, तुम्ही घरातही पंचनाम्यासारखं बोलता. ती मुलांच्या शाळेसाठी हिंगोलीला आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरात एकटा, त्यामुळे सुधारणा व्हायला वावही नव्हता.

पुढच्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, नेमसिंग एक कापडी पिशवी घेऊन हजर. मी हाकलणार होतो, पण आमचे साहेब त्या दिवशी बऱ्या मूडमध्ये होते. म्हणाले, "व्हरांड्यात तुझ्या समोर करू दे. गंजलेल्या परत दिल्या तर उद्या आपल्याच नावाने बोंब."

त्याच्या पिशवीत विकतचं असं फक्त शिलाई मशीनचं तेल होतं. बाकी सगळं घरचं. बांबूची तासून गुळगुळीत केलेली कामटी, तिच्या टोकाला बांधलेला नारळाच्या काथ्याचा कुंचा, मोडक्या छत्रीची एक काडी, कोंबड्याची दोन पिसं आणि चिंध्या. आधी तो लोखंडी गज नळीत सोडायचा. गज तळाला टेकला की नळी रिकामी. तरी दोनदा बघायचा. मग हॉटेलवाल्याकडून आणलेलं उकळतं पाणी. दारूची काजळी पाण्यानेच सुटते, घासलेटने नुसती पसरते, हे मला त्याने शिकवलं. काथ्याचा कुंचा आत-बाहेर, आत-बाहेर, काळं पाणी पांढरं होईपर्यंत. चाप ओढल्यावर फुटणारी टोपी बसते तिथलं बारीक छिद्र छत्रीच्या काडीने मोकळं करायचं. मग कोरडी चिंधी, मग तेल. पिसाने तेल असं लावायचा, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा.

हे सगळं करताना तो बोलायचा. आणि गंमत अशी, की हात थांबले की बोलणंही थांबायचं. त्यामुळे आपली बंदूक झाली की तो शेजारची मागायचा. "ही कोनाची? ह्या मालकानं हिला लग्नापासून पाह्यली न्हाई वाटतं." पाचव्या-सहाव्या सोमवारपर्यंत माझ्या एकेचाळीसच्या एकेचाळीस बंदुका लखलखीत. चहा माझ्याकडून. मी काम सोडून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागलो, हे माझ्याही जरा उशिराच लक्षात आलं.

एकदा मी विचारलं, चिंध्या एवढ्या मऊ कशा? म्हणाला, "पारूचा घागरा हाय. आरसे काढून ठिवले."

पारुबाई त्याची बायको. दिवाळीनंतर अख्खा तांडा ऊसतोडीला जायचा, होळीला परतायचा. नेमसिंग जायचा नाही. बंदूक कुणाच्या हवाली करायची नाही, असा परवान्याचा नियम. आणि मागे राहिलेल्यांची तूर-ज्वारी डुकरांपासून राखायची, असं तांड्याने त्याच्यावर सोपवलेलं. त्यामुळे पारुबाई दुसऱ्यांच्या कोयत्यासोबत, म्हणजे दुसऱ्या तोडणी जोडीबरोबर, जायची. ब्याण्णवच्या थंडीत ती तिकडेच, कारखान्याच्या तळावर, तापाने गेली. ट्रकवाल्याने निरोप आणला तो पाचव्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं.

"हिच्यापायी ऱ्हायलो मागं," तो नळीत बघत म्हणाला. "तिला पानी पाजाया न्हाई गेलो, हिला पानी पाजून राहिलो." मी आणखी एक चहा सांगितला.

मुलगा कुलदीप पुण्यात टेम्पो चालवायचा. बापाला ये म्हणायचा. हा म्हणायचा, बंदूक कोण साफ करील?

अठ्ठ्याण्णवला पुन्हा निवडणूक लागली. नव्याण्णवला पुन्हा. नेमसिंग दोन्ही वेळा रांगेत पहिला, दाढी करून, पिशवी सोबत घेऊनच. लोक सरकारला शिव्या देत होते आणि हा हसून म्हणत होता, "पडलं बरं का, जमादारसाहेब!"

नव्याण्णवला बंदूक परत नेताना त्याने विचारलं, "आता कवा?"

"पाच वर्सांनी."

"एवढं टिकतंय कुठं!"

पण टिकलं. देशाला स्थैर्य मिळालं आणि नेमसिंग एकटा पडला. मध्ये जिल्हा परिषदेची निवडणूक झाली तेवढाच आधार. एरवी बाजाराच्या दिवशी तो ठाण्यासमोरच्या लिंबाखाली उभा दिसायचा. ठाण्यात माणूस बिनकामाचा येत नाही, अशी त्याची पक्की समजूत. आत आलाच तर रांजणातलं पाणी प्यायचा, माझ्या स्टुलाकडे बघायचा आणि जायचा. नवे साहेब कडक होते. एकदा त्यांच्या देखत मी खेकसलो, "काय काम आहे?" तो म्हणाला, "काही न्हाई साहेब. पानी पेलो." त्यानंतर तो लिंबाखालीसुद्धा दिसला नाही. वर्दीसाठी आपण किती हलकं वागतो, ते घरी जाऊन जेवताना कळतं.

दोन हजार चारला लोकसभा लागली आणि तो पुन्हा आला. पुन्हा सोमवार, पुन्हा पिशवी. चिंध्यांचा गठ्ठा मात्र मुठीएवढा उरला होता. मे महिन्यात निकाल लागला, चाळीस बंदुका गेल्या, नेमसिंगची राहिली. दोनदा निरोप धाडला तेव्हा आला.

"ऱ्हाऊ द्या इथंच."

"काहून? परवाना जाईल."

"जाऊ द्या. बंदूक इथं असली तर सोमवारी याया काम ऱ्हाईल मला."

एवढं सरळ त्याने सांगितलं. आणि मी काय केलं? रजिस्टर पुढे सरकवलं. त्याचा अंगठा घेतला, बंदूक हातात दिली आणि म्हणालो, "नियमानं चालावं लागतं, बाबा." नियम माझ्या बापाने केला नव्हता, पण पाळला मात्र मी बापाचा असल्यासारखा.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता विधानसभा लागली. सगळ्या बंदुका आल्या, नेमसिंगची नाही. साहेब तापले. मी जीप पकडून गोरेगावला उतरलो, तिथून चालत तांड्यावर गेलो. नेमसिंग ओट्यावर बसला होता. बंदूक आतून आणली. मी नळीवर बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं.

एकेचाळीस बंदुका घासणाऱ्या माणसाची बंदूक गंजली होती.

"हे काय, नेमसिंग?"

"घरी कोनापुढं साफ करू?" तो म्हणाला.

मी टोपी काढून ओट्यावर ठेवली. म्हणालो, "पानी तापवा." तीन तास लागले. पहिलं पाणी विटकरी निघालं, मग तपकिरी, मग काळं. तो बोलत होता, मी ऐकत होतो. शेवटची चिंधी त्याने अर्धीच वापरली, अर्धी घडी करून ठेवली.

निकालानंतर बंदूक न्यायला आला तेव्हा मीच म्हणालो, "आता सोमवारी मीच येत जाईन. चहा तुमचा." तो हसला. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाला बढती मिळाल्यावरही इतका आनंद झालेला मी पाहिला नाही.

दिवाळी झाली, तांडा रिकामा झाला. मी तीन सोमवार गेलो. चौथ्या सोमवारी बंदोबस्त लागला. पाचव्याला करुणाची तब्येत बिघडली. नंतर माझी बदली झाली. जायचं राहून गेलं, असं आपण म्हणतो. राहून काही जात नाही. मी गेलो नाही, एवढंच खरं.

दोन हजार नऊला, निवृत्तीला काही महिने उरले असताना, मी पुन्हा त्याच ठाण्यात आलो. निवडणूक लागली. रांगेत पहिला एक तरुण होता, हातात धोतरात गुंडाळलेली बंदूक. म्हणाला, "मी कुलदीप. बाबा महिन्यामागं गेले. ही कायमची जमा करायची हाय."

मी बंदूक घेतली आणि दाराच्या उजेडाकडे धरून नळी तपासली. आतून आरशासारखी स्वच्छ होती.

"कोणी साफ केली?"

"बाबानंच. दर सोमवारी पानी तापवायचे, बाहेर बाज टाकायचे अन् हिला घेऊन बसायचे. आमी पुन्याला चला म्हनलं की म्हनायचे, सोमवारी जमादार येनार हायेत."

माझी ओळख मी त्याला सांगितली नाही. तेवढी हिंमत झाली नाही. रजिस्टर उघडलं, नंबर लिहिला, नाव लिहिलं. 'शस्त्राची स्थिती' या रकान्यात 'साफ' असं लिहिलं आणि त्याच्या हातात पावती दिली.