दोन नंबर गेटवरचा ट्रक

त्याला सगळे इंचपट्टी म्हणायचे. डब्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकायचं काम, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी पट्टी. जेवणाच्या सुट्टीत कुणी नुसतं म्हटलं की माझी भाकरी तुझ्यापेक्षा मोठी, तरी हा पट्टी काढायचा. चेष्टेला कंटाळून माणसं गप्प बसतात, हा चेष्टा करणाऱ्याचं कान ते खांदा अंतर मोजून सांगायचा.

लग्न केलं नाही. संपाच्या अकराव्या दिवशी त्याचा थोरला भाऊ दोन नंबर गेटवर ट्रकखाली गेला. मागे वहिनी, दोन लहान मुली, आणि हा बावीस वर्षांचा. "एक घर उभं ठेवायला एक माणूस पुरतो, दोन घरं काढायची तर दोन लागतात," एवढंच एकदा बोलला. मुली शिकल्या, आपापल्या घरी गेल्या. दोन खोल्यांत उरले हा आणि वहिनी. दरवर्षी त्या दिवशी आम्ही युनियनवाले गेटवर सभा घ्यायचो. वहिनी व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत, हा खाली शेवटच्या रांगेत, आणि माइक माझ्या हातात. अडतीस वर्षं.

निवृत्त झाल्यावर एकदा दाढ काढायला गेला आणि बिनपगारी नोकरी लावून घेऊन आला. दातांच्या डॉक्टरांना छोट्या रेल्वेचा नाद. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भल्या मोठ्या टेबलावर त्यांनी आपलंच स्टेशन मांडलं होतं, यार्ड, कारखाना, चारही गेटं, सगळं सत्त्याऐंशी पट लहान. वर्ष निवडलं होतं संपाचं. आमची डोकी फुटली ते वर्ष डॉक्टरांना का आवडलं, तर त्या एकाच वर्षी वाफेची आणि डिझेलची इंजिनं शेजारी शेजारी धावत होती. संप झाला होता हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी कौतुकानं याला वर नेलं. याच्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधीर. टेबलाभोवती एक फेरी मारली, खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं: ही लाल गाडी त्या वर्षी नव्हती. ही पण नाही. ही रिक्षा आहे की बस?

डॉक्टरांची इंजिनं परदेशातून आलेली, एकेक खिळा जागच्या जागी. रस्त्यावर मात्र खेळण्याच्या दुकानातल्या गाड्या, चकचकीत, प्रत्येक वेगळ्या मापाची. डॉक्टर शहाणे, रागावले नाहीत. म्हणाले, "मग तुम्हीच आणा की बरोबर गाड्या."

तीन वर्षं इंचपट्टीनं दुसरं काही केलं नाही. भंगारबाजार, जुन्या खेळण्यांची दुकानं, मोडीत निघालेली गॅरेजं. योग्य मापाची एखादी गाडी हाती लागली की तिचं बंपर कानशीनं घासून उतरवायचा, दिवे बदलायचा, नाक लांब करायचा. सायकली स्वतः करायचा, वायरीतल्या तांब्याच्या तारेच्या, चाक पाऊण सेंटिमीटरचं. वहिनी दाण्याएवढ्या पोत्यांना टाके घालायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे सत्त्याऐंशी पट मोठं काम आणि सत्त्याऐंशी पट लहान पगार."

त्याचा एक नियम होता: कागद असल्याशिवाय गाडी टेबलावर जायची नाही. फोटो, जुनी जाहिरात, आरसीबुक, काहीतरी. आणि दुसरी एक गोष्ट त्याला कळली होती, जी पुस्तकी लोकांना कळत नाही. एकदा मला म्हणाला, "नेते, एखादं वर्ष दाखवायचं तर त्या वर्षीच्या गाड्या ठेवायच्या नसतात. रस्त्यावर असतात त्या दहा-बारा वर्षांच्या जुन्या गाड्या. नवी एखादीच, ती पण साहेबाची. गरिबाचं वर्ष नेहमी मागे चाललेलं असतं." मी हे वाक्य पुढच्याच सभेत माझं म्हणून वापरलं.

एक, तीन आणि चार नंबर गेटं भरली. दोन नंबर त्यानं शेवटी घेतलं.

तिथं काय ठेवायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याच पुस्तिकेत छापलंय: कंपनीचा चपट्या नाकाचा हिरवा ट्रक गर्दीत घुसला आणि आमच्या भावाला चिरडून गेला. संप मोडल्यावर दहा वर्षांनी मी ती पुस्तिका लिहिली. तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. इंचपट्टी स्वतः त्या दिवशी मागच्या गेटवर पहाऱ्याला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्याच्या भावाचं मरण त्यानं माझ्या पुस्तिकेत वाचलेलं.

तो हिरव्या ट्रकचा कागद शोधायला निघाला. एका बंद गॅरेजमध्ये त्याला सुट्या भागांचं जुनं पुस्तक मिळालं, तेलानं माखलेलं. त्यात छापलं होतं की चपट्या नाकाचा तो ट्रक बाजारात पहिल्यांदा आला तो संपानंतर चौदा महिन्यांनी.

तो सरळ युनियनच्या ऑफिसात आला. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"छपाईची चूक असेल," मी म्हटलं.

"दोन पुस्तकांत पाहिलं."

"अरे, मग लांब नाकाचा असेल ट्रक. नाकावरून काय भांडतोस? माणूस मेला ते महत्त्वाचं की नाक?"

"तू हिरवा लिहिलंयस. चपटा लिहिलंयस. कुठं पाहिलास?"

मी पाहिला होता तो पुस्तिका लिहिताना, कारखान्याच्या आवारात. म्हटलं, वाचणाऱ्याला समोर दिसायला हवा, म्हणून तोच उचलून लिहिला. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. त्या दिवशीच्या गर्दीचा एकच फोटो आहे, काचेत बसवलेला, त्याला आम्ही हार घालतो. डाव्या कडेला कशाचं तरी एक चाक अर्धवट दिसतं.

"फ्रेम उघड," तो म्हणाला.

"हार सुकेल."

"सुकलेलाच आहे."

त्यानं स्वतःच खिळे उपसले. फोटो डाव्या बाजूनं तीन बोटं मागे दुमडलेला होता. घडी मीच घातली होती. त्यानं ती उलगडली. लांब नाकाचा जुनाट ट्रक, ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर भोंगा, भोंग्याशेजारी आमचा झेंडा. सभेसाठी आम्ही भाड्यानं आणलेला. हौद्यात माणसं उभी, तोंडं उन्हामुळे पांढरी झालेली.

"कंपनीचा ट्रक त्या दिवशी कुठं होता?"

"नव्हता," मी म्हटलं.

मग सांगावं लागलं. भाड्याच्या ट्रकवाल्यांची एक भाषा असते. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे मागे घे. आम्ही कारखान्याची पोरं, आम्हाला पत्र्याची भाषा ठाऊक, रस्त्याची नाही. आम्ही घोषणेला ठेका धरला होता. धाड-धाड, घोषणा, धाड-धाड. भोंग्याच्या कल्लोळात ड्रायव्हरला शब्द कळत नव्हते, थापा कळत होत्या. याचा भाऊ खाली रस्त्यावर, ट्रकच्या मागच्या फळीशी होता, आमच्याकडे पाठ करून, पोलिसांच्या अंगावर जाणाऱ्या पोरांना दोन्ही हात पसरून अडवत. ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली.

संध्याकाळी युनियनचे अध्यक्ष बोलले, कंपनीच्या ट्रकनं मारलं. ड्रायव्हरला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवून दिलं. कुणी काही म्हटलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

इंचपट्टीनं विचारलं, "थापा कोण मारत होतं?"

"सगळेच."

त्यानं फोटो पुन्हा दुमडला नाही. तसाच टेबलावर ठेवून गेला.

पंधरा दिवसांत त्यानं ट्रक केला. आठ सेंटिमीटरचा, खरवडलेल्या निळ्या रंगाचा, भोंगा तांब्याच्या पत्र्याचा, झेंडा शाई लावलेल्या पातळ कागदाचा. हौदा रिकामा. तो त्यानं दोन नंबर गेटवर ठेवला, मागच्या चाकांची तोंडं गर्दीकडे. डॉक्टरांनी मला कौतुकानं फोन केला, उद्घाटनाला या म्हणून, आणि ट्रकचं वर्णनही सांगून टाकलं.

माझं डोकं फिरलं. अडतीस वर्षं गेटवर उभा राहिलोय मी. तीनदा आत गेलोय. त्या हिरव्या ट्रकवर माणसं उभी केलीत, नुकसानभरपाईसाठी कंपनीला वाकवलंय, वहिनींना पेन्शन मिळालीय ती त्याच गोष्टीवर. आणि हा माणूस एका खेळण्यासाठी सगळं उकरून काढणार. मी युनियनच्या कागदावर डॉक्टरांना पत्र लिहिलं: शहिदाचा अपमान सहन केला जाणार नाही, दोन नंबर गेटवर कंपनीचा हिरवा ट्रक दिसला नाही तर उद्घाटनाच्या दिवशी दवाखान्यासमोर मोर्चा येईल. सही ठोकली, शिक्का मारला.

डॉक्टर दातांचे, पण मोर्चा म्हटल्यावर त्यांचीच कवळी हलली. त्यांच्याकडे चपट्या नाकाचा एक सुंदर परदेशी ट्रक होताच. त्याला हिरवा रंग दिला.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी इंचपट्टी टेबलाजवळ आला. हिरवा ट्रक पाहिला. बुटांचं खोकं मागून घेतलं आणि आपल्या गाड्या चिमट्यानं एकेक उचलायला लागला. लॉऱ्या, हातगाड्या, बसेस, मग सायकली.

डॉक्टर म्हणाले, "अहो, रस्ते ओसाड दिसतील. लोक काय म्हणतील?"

"ज्यांनी पत्र पाठवलं त्यांना विचारा. त्यांना गर्दी जमवता येते."

उद्घाटन झालं. शिट्टी वाजली, दोन्ही इंजिनं निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या शहरात एकच वाहन होतं, हिरवं, नवंकोरं, रस्त्याच्या मधोमध. रस्ते रिकामे का हे कुणीही विचारलं नाही. मी भाषण केलं.

महिन्यानं मी इंचपट्टीच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे. वर्षसभा जवळ आली होती, वहिनींना बोलवायला. दार वहिनींनी उघडलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाल्या, "यानं सगळं सांगितलं मला, भाऊजी."

मी तयारीत होतो. रडतील, शिव्या देतील, पेन्शनचं विचारतील. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"एकच विचारायचं होतं. यांना मागून गाडीचा आवाज आला असेल ना?"

"आला असेल."

"आवाजावरून कळलं असेल, भोंग्यावरून, की आपली गाडी आहे. कंपनीची असती तर उडी मारून बाजूला झाले असते. आपलीच म्हणून हलले नसतील." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "मी यंदा खुर्चीवर नाही बसायची. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

आतल्या खोलीत इंचपट्टी खिडकीखाली बसला होता. समोर हातभर फळी. तिच्यावर फक्त दोन नंबर गेट, भिंतीचा तुकडा, आणि निळा ट्रक. मागच्या फळीशी एक माणूस, दोन सेंटिमीटरचा, हात पसरलेला. हौदा अजून रिकामाच.

"बसा," तो म्हणाला. चाळीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस. "ट्रकवर किती जण होते?"

"तेरा."

त्यानं लिहून घेतलं. "थापा कोण मारत होतं?"

"सांगितलं ना, सगळेच."

"सगळे कसे मारतील? टप साडेपाच फुटांचा. खांद्याला खांदा लावून पुढे चार माणसं मावतात. मधे भोंगा बांधलेला, त्यानं एकाची जागा खाल्ली. टपाला हात पोचतो तो तिघांचा." पट्टीचं टोक त्यानं इवल्या टपावर टेकवलं. "तिघं कोण?"

मी कोर्टात वकिलाला गप्प केलंय. पोलीस चौकीत रात्र काढून नाव दिलं नाही कुणाचं. सहा इंचाच्या पट्टीपुढे मला बाजू सापडेना.

"अध्यक्ष," मी म्हटलं. "दाढीवाला फिटर."

"दोघं गेले. तिसरा?"

बाहेरच्या खोलीत वहिनी भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"मी."

त्यानं मान हलवली नाही की वर पाहिलं नाही. डबीतून एक माणूस चिमट्यानं उचलला, हात वर असलेला, त्याच्या तळव्यांना डिंकाचा थेंब लावला आणि टपाशी उजव्या बाजूला उभा केला. मग सगळ्यांत बारीक ब्रश घेतला.

"शर्ट कसला होता?"

"पांढरा," मी म्हटलं.

ब्रश हवेतच राहिला. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा."