सगळ्यात खालचं पोतं

परदेशात पाठवायची आमची मिरची तपासायला लकडगंजच्या गोदामात एक सरकारी तपासणीस यायचे. चहा पुढे केला की म्हणायचे, "काहून घाई करता भाऊ? पहिले मिरची, मंग चहा." आणि थप्पीतलं नेमकं सगळ्यात खालचं पोतं ओढायला लावायचे.

एकदा त्यात बुरशी निघाली. माल नापास. मुंबईचं जहाज हुकणार म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. रविवारी तोच माल पुन्हा निवडायला काढला. पाहतो तर हे घरचा डबा घेऊन हजर, निवडणाऱ्या बायांमध्ये बसून शिंकत शिंकत मिरची निवडताहेत. म्हणाले, "जहाज हुकलं नाही पाह्यजे तुमचं."

सोमवारी ते पुन्हा तपासणीला आले. चहा बाजूला सारून सगळ्यात आधी त्यांनी उघडायला लावलं, ते रविवारी स्वतः निवडून भरलेलं पोतं.